एका सेलने पाच जणांना घरी बसवलं

घरातल्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी वीस मिनिटं पण टिकेना म्हणून नवीन आणली आणि जुनी टाकायच्या आधी उघडून बघितली (तुम्ही असलं काही करू नका, स्क्रूड्रायव्हर सेलमध्ये घुसला तर धूर आणि जाळ दोन्ही). आत सहा सेल निघाले, १८६५० साईजचे, म्हणजे १८ मिमी जाड आणि ६५ मिमी लांब, रिमोटच्या पेन्सिल सेलचे मोठे भाऊ. दोन-दोनच्या तीन जोड्या होत्या. मल्टीमीटर लावला तर पहिली जोडी ३.८ व्होल्ट, दुसरी पण ३.८ आणि तिसरी ०.९! म्हणजे चार सेल ठणठणीत आणि तरी अख्खी बॅटरी भंगारात. तिसऱ्या जोडीतला पण बहुतेक आधी एकच मेला असणार, पॅरललमध्ये (प्लसला प्लस, मायनसला मायनस) जोडलेला शेजारी मग त्याच्याबरोबर खाली गेला.

हे असं का होतं ते कळलं की बॅटरी पॅकचं निम्मं डिझाईन कळलं समजा. सिरीजमध्ये एका सेलचा प्लस पुढच्याच्या मायनसला जातो, व्होल्ट वाढतात पण अँपिअर-अवर (म्हणजे सेलमधला साठा) तेवढेच राहतात, पॅरललमध्ये उलटं. इलेक्ट्रिक सायकलचा ४८ व्होल्टचा पॅक घ्या, तो बऱ्याचदा १३एस ४पी असतो. २.५ अँपिअर-अवरचे चार सेल पॅरलल, झाले १०, आणि असे १३ गट सिरीजमध्ये, ३.७ गुणिले १३ म्हणजे ४८.१ व्होल्ट. एकूण ५२ सेल.

मग सगळेच पॅरलल का नाही लावायचे? ५०० वॉटची मोटर ३.७ व्होल्टवर चालवायची तर १३५ अँपिअर लागतील, वायर बोटाएवढी जाड घ्यावी लागेल. ४८ वर साडेदहा अँपिअरमध्ये भागतं.

आता जोडायचा क्रम. आधी पॅरलल, मग सिरीज, कारण चार सेलचा गट एका मोठ्या सेलसारखा वागतो आणि बीएमएसला (पॅकमधल्या सेलवर नजर ठेवणारं सर्किट) ५२ ऐवजी १३ च ठिकाणी लक्ष ठेवावं लागतं. पण पॅरलल करताना सेलचे व्होल्ट आधी सारखे करून घ्या, हे लोक हमखास विसरतात. गच्चीवरच्या दोन टाक्या तळाशी पाईपने जोडल्या तर भरलेलीचं पाणी रिकामीत धावतं ना, तसंच. एक सेल ४.२ वर, दुसरा ३.५ वर, दोघांचा अंतर्गत रेझिस्टन्स ३० मिलीओहम धरला तर ०.७ भागिले ०.०६, म्हणजे पट्टी टेकवल्याच्या क्षणी जवळपास १२ अँपिअर! एरवी हाच सेल सव्वा अँपिअरवर निवांत चार्ज होतो.

सिरीजचं दुखणं वेगळं. चार्जरला फक्त एकूण ५४.६ व्होल्ट दिसतात, आत कोणाचं काय चाललंय त्याला पत्ता नसतो. एक गट कमजोर असेल तर तो सगळ्यात आधी भरतो आणि बीएमएस नसेल तर ४.२ च्या वर जात राहतो, आणि वापरताना सगळ्यात आधी रिकामा होतो, बाकीचे बारा भरलेले असले तरी पॅक तिथेच बंद. बीएमएस बॅलन्सिंग करतं खरं, पण साध्या बीएमएसमध्ये ते म्हणजे भरलेल्या गटाचा थोडा करंट रेझिस्टरमध्ये जाळून टाकणं, तोही किती, समजा ५० मिलीअँपिअर, म्हणजे १ अँपिअर-अवरचा फरक मिटवायला २० तास. खराब सेलवर हे औषध नाही. म्हणून सेल एकाच लॉटचे घ्या आणि ‘९९०० एमएएच’ (मिलीअँपिअर-अवर) छापलेले १८६५० दिसले तर सरळ पुढे चला, चांगल्या सेलची धाव साडेतीन हजारांच्या आसपास संपते.

२००८ च्या टेस्ला रोडस्टरमध्ये हेच सेल ६,८३१ होते, ६९ पॅरलल आणि असे ९९ गट सिरीजमध्ये. एक सेल आतून शॉर्ट झाला तर शेजारचे ६८ जण आपला करंट त्याच्यात ओतणार, म्हणून प्रत्येक सेलला वेगळा फ्यूज दिला होता.

माझे ०.९ वाले दोन सेल परत चार्ज करायच्या फंदात मी पडलो नाही, इतके खाली गेले की आतलं तांबं विरघळायला लागतं आणि नंतर चार्ज करताना आतच शॉर्ट होऊ शकतो. टोकांना टेप लावून ई-कचऱ्यात दिले. उरलेल्या चारातला एक टॉर्चमध्ये चाललाय.