प्लग गेला की कॉइल गेली?

दसरा झाला की रत्नागिरी-देवगडच्या बागांतून ग्रासकटरची घरघर सुरू होते. कलमांखालचं रान कमरेएवढं वाढलेलं, बेणणीला गडी मिळायची मारामार, आणि अख्खा पावसाळा पडवीच्या कोपऱ्यात पडून असलेलं मशीन नेमकं तेव्हाच चालू व्हायचं नाव घेत नाही. दोरी ओढून खांदा दुखायला लागला की निदान ठरलेलं: ‘प्लग गेला.’ नवा प्लग बसतो, मशीन दोन दिवस चालतं, परत बंद. मग ‘कॉइल गेली.’ बऱ्याचदा दोन्ही धडधाकट असतात.

गोंधळ होणं साहजिक आहे. इंजिनाबरोबर मॅग्नेट फिरला की कॉइल हजारो व्होल्टचा झटका तयार करते, आणि तो प्लगच्या टोकाशी असलेली ०.६ ते ०.७ मिलिमीटरची फट ओलांडताना ठिणगी पडते. या दोघांपैकी कुणीही कच खाल्ली तरी बाहेरून दिसतं तेच: मिसिंग, सायलेन्सरमधून एखादा फटाका, आणि बंद. म्हणून मशीन बंद पडलं एवढ्यावरून काहीच कळत नाही. कधी पडलं आणि कसं पडलं, ते पाहायचं.

प्लगचं दुखणं गार मशीनला जास्त छळतं. सकाळी पन्नासदा ओढा, ढिम्म. एकदा कसंबसं धरलं आणि रेस दिली की मात्र हळूहळू सुधारतं. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर काजळी बसली की करंट फटीतून उडी मारायचे कष्ट घेत नाही, काजळीवरून सरळ बॉडीत उतरतो. गॅरेजच्या भाषेत ‘प्लग शॉर्ट झाला’. प्लगचं टोक साधारण ४५० ते ५०० अंशांच्या पुढे तापलं की ही काजळी आपोआप जळते. पण दहा मिनिटं स्लोवर फटफट करत ठेवलं, किंवा चोक बंद करायचा राहिला, तर टोक तेवढं तापतच नाही. चुलीत प्लग भाजून घेणाऱ्या जुन्या लोकांचं तेवढ्यापुरतं बरोबर असतं. ते काजळीच जाळतात. प्लग पेट्रोलने ओला असताना मात्र हा उद्योग नको.

कॉइलचं अगदी उलट. सकाळी दोन ओढीत चालू, आवाज खणखणीत, पंधरा-वीस मिनिटं गवत कापून होतं आणि मध्येच बटण दाबल्यासारखं बंद. लगेच कितीही ओढा, उपयोग नाही. चहा पिऊन आलात की पुन्हा पहिल्यासारखं. आतली केसासारखी बारीक तार कुठे तुटली असेल किंवा तिच्यावरचं आवरण तडकलं असेल, तर गार असताना ती कशीबशी चिकटून राहते. तापून फुगली की जोड सुटतो. म्हणूनच दुकानात गार कॉइलला मीटर लावून ‘चांगली आहे’ म्हणणाऱ्यावर माझा फारसा विश्वास नाही. बंद पडल्या पडल्या, गरम असतानाच तपासायला हवी.

पण थांबा. तापल्यावर बंद पडायची सवय आणखी एकाला असते: टाकीच्या झाकणाचं हवेचं छिद्र. ते मातीने बुजलं की टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. मात्र अशा वेळी मशीन धापा टाकत, रेस सोडत बंद पडतं. कॉइलच्या दोषात ते तडक बंद पडतं. झाकण सैल केल्यावर चालू झालं तर कॉइलचे पैसे वाचले.

शंका उरलीच तर त्याच क्षणी प्लग काढा. कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल येत नाहीये. ओला असेल तर तो पुसून कॉइलच्या जाड वायरीच्या टोपीत बसवा, त्याचे आटे इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा आणि दोरी ओढा. प्लगच्या भोकापासून लांब धरा, तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. टोपी नुसती हवेत लोंबकळत ठेवून ओढू नका, झटक्याला वाट मिळाली नाही तर तो कॉइलचंच आवरण फोडतो. ठिणगी नाही? माहितीतला चांगला प्लग लावून पुन्हा पाहा. ठिणगी दिसली तरी लगेच हुरळून जाऊ नका. सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेतून उडी मारायला बाहेरच्यापेक्षा बरेच जास्त व्होल्ट लागतात. अधू कॉइल बाहेर ठिणगी दाखवते आणि आत हार मानते.

आणि आता आपल्याकडचा खरा चोर. खाऱ्या वाऱ्याने टोपीच्या आतली स्प्रिंग हिरवी पडते, कॉइल जिथे बॉडीला बोल्टने धरलेली असते तिथे गंज चढतो, जाड वायरला चीर जाते. प्लग नवा, कॉइल चांगली, करंट मध्येच गळतो. अंधार पडल्यावर मशीन चालू ठेवून वायरीवर पाण्याचा बारीक फवारा मारा आणि हात लांब ठेवा. गळती असेल तिथे निळसर ठिणग्या सरपटताना दिसतात. टोपी पिळून बाहेर येते. वायरीचं टोक अर्धा सेंटिमीटर कापून, आत सिलिकॉन ग्रीस लावून परत बसवा.

बंद करायच्या बटणाची बारीक वायरही तेवढीच संशयित. ती बॉडीला घासून उघडी पडली की मशीन कायम ‘बंद’च असतं. ती कॉइलपासून सोडवून ठिणगी आली तर दोष बटणाचा. अशा वेळी मशीन थांबवायला चोक ओढावा लागेल, हे आधीच लक्षात घ्या.

नवा प्लग आठवड्यात पुन्हा काळा होत असेल तर तो प्लगचा दोष नव्हे. कोरडी काजळी असेल तर एअर फिल्टर धुवा. चकचकीत तेलकट असेल तर पेट्रोलमध्ये मिसळायच्या ऑइलचं माप पाहा: ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली, २५:१ म्हणजे ४० मिली. ‘जरा जास्त असलेलं बरं’ म्हणून अंदाजाने ओतणारे गडी प्लगवाल्याचा धंदा चालवतात.

स्कूटरलाही हाच हिशेब. आंबा घाट चढताना बंद पडून, गार झाल्यावर चालू होणाऱ्या गाडीत कॉइलबरोबर मॅग्नेटजवळची, ठिणगीची वेळ कळवणारी पिकअप कॉइलही तपासून घ्या.

ग्रासकटरची कॉइल बदलायचीच ठरली तर ती मॅग्नेटपासून साधारण ०.३ मिलिमीटरवर बसते. माहितीपुस्तिकेत आकडा असेल तर तोच धरा. मध्ये व्हिजिटिंग कार्ड सरकवायचं, मॅग्नेट कॉइलला ओढून घेतो तशी ती घेऊ द्यायची, बोल्ट आवळायचे आणि कार्ड काढायचं. मग मॅग्नेट हाताने एक पूर्ण फेरा फिरवून पाहा. कुठे घासत नसेल तरच कव्हर बसवा.