वार्धक्य : उत्क्रांतिविषयक उपपत्ती

वयपरत्वे शरीराची कार्यक्षमता घटणे व मृत्यूची शक्यता वाढत जाणे यास जीवविज्ञानात वार्धक्य म्हणतात. त्याची लक्षणे सर्वपरिचित आहेत. नैसर्गिक निवडीने ही झीज टिकू का दिली, हा खरा प्रश्न.

त्याच्या पहिल्या उत्तराचे श्रेय सामान्यतः ऑगस्ट व्हाइसमान यांना देतात. जीर्ण प्राण्यांनी तरुणांना जागा करून देणे जातीच्या हिताचे असते, असे त्यांनी १८८० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत मांडले. हे मत लोकांत अजून रुजलेले असले तरी मान्य होण्यासारखे नाही : प्राणी मुळात जीर्ण का होतात, हे त्यात गृहीतच धरले आहे. पुढे व्हाइसमान यांनीही ते सौम्य केले. जननपेशी (पुढची पिढी घडवणाऱ्या) व कायिक पेशी (बाकीचे शरीर घडवणाऱ्या) यांत त्यांनी केलेला भेद मात्र टिकला.

आधुनिक उपपत्तीचा उगम पीटर मेडावर यांच्या १९५१ मधील व्याख्यानात (मुद्रित १९५२) मानतात. जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९४१ च्या सुमारास हंटिंग्टन रोगाविषयी तोच मुद्दा नोंदला होता : रोग बहुधा मुले झाल्यावर प्रकटतो, म्हणून निवड त्याला फारशी रोखू शकत नाही. तरी सर्वसाधारण सिद्धांत मेडावर यांचाच म्हणणे उचित. वन्य स्थितीत शिकार, रोग व उपासमारीतून उतारवयापर्यंत थोडेच प्राणी पोहोचतात, त्यामुळे उशिरा अपाय करणारी उत्परिवर्तने (जनुकांतील बदल) साचत जातात. जॉर्ज विल्यम्स (१९५७) यांच्या मते तारुण्यात उपकारक असलेले जनुकच पुढे बाधते. थॉमस कर्कवुड (१९७७) यांनी मर्यादित ऊर्जेची विभागणी प्रजनन व पेशींची दुरुस्ती यांत होते, यावर भर दिला. या तिन्ही उपपत्ती परस्परपूरक दिसतात. फळमाश्यांत उशिरा घातलेल्या अंड्यांपासूनच पिढ्या वाढवल्यास आयुर्मान वाढते व आरंभीची प्रजननक्षमता बहुधा घटते. हा पुरावा विल्यम्स यांच्या बाजूने अधिक झुकतो.

बाह्य कारणांनी मरण्याचा धोका कमी असलेल्या जातींत वार्धक्य सावकाश यावे, अशी या उपपत्तींची अपेक्षा असते. बडोदे शहरातही याची उदाहरणे दिसतात. घरातला उंदीर पाळला तरी क्वचितच चार वर्षे गाठतो. उडून शत्रू चुकवणारी वटवाघळे मात्र दीर्घायुषी. सायबेरियातील सुमारे ७ ग्रॅम वजनाच्या एका जातीत ४१ वर्षांची नोंद आहे. विश्वामित्री नदीतल्या मगरीला मोठेपणी माणसाखेरीज शत्रू थोडे, आणि या वर्गातील प्राण्यांत वार्धक्य सावकाश येते. रस्त्याकडेच्या वडात जननपेशी आरंभीच वेगळ्या होत नाहीत व पारंब्यांचे नवे बुंधे बनतात, म्हणून त्याला ही चौकट जशीच्या तशी लावता येत नाही.

पेशींच्या पातळीवर लिओनार्ड हेफ्लिक यांनी १९६१ मध्ये मानवी पेशींच्या विभाजनाला मर्यादा असल्याचे दाखविले. गुणसूत्रांची टोके झिजणे हे त्याचे एक कारण होय. रजोनिवृत्तीनंतरचे स्त्रियांचे दीर्घ आयुष्य नातवंडांच्या संगोपनाला उपयोगी पडल्याने टिकले असावे, असेही एक मत आहे.