सोनोग्राफी तीच, सुई तीच, पण सिरिंजमध्ये काय?

कार्पल टनेलसाठी, म्हणजे मनगटात नर्व्ह चेपण्याच्या दुखण्यासाठी, 'सोनोग्राफीवर बघून इंजेक्शन' सांगितलं, एवढंच पेशंटच्या लक्षात राहतं. या नावाखाली दोन वेगळे उपचार चालतात: स्टेरॉइडचं इंजेक्शन आणि हायड्रोडिसेक्शन.

मनगटातल्या अरुंद बोगद्यातून बोटं मिटवणारे नऊ स्नायुबंध आणि एक मीडियन नर्व्ह जाते. वर जाड, न ताणणारं आवरण. आत दाटी झाली की नर्व्ह चेपते आणि रात्री अंगठा, तर्जनी, मधलं बोट मुंग्या येऊन झोपमोड करतात. (करंगळीही बधिर होत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, मूळ दुखणं कोपरात किंवा मानेत असू शकतं.)

स्टेरॉइडचं काम सूज उतरवणं. औषध थोडंसंच, नर्व्हच्या शेजारी सोडायचं. ते सोनोग्राफीशिवायही, हाताच्या अंदाजाने, कित्येक दशकं दिलं जातंय. मशीनमुळे सुई नर्व्हमध्ये किंवा रक्तवाहिनीत घुसण्याचा धोका कमी होतो, इतकंच. आराम लवकर पडतो, पण टिकेलच असं नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधल्या स्टेरॉइडच्या चाचणीत स्प्लिंटने (मनगट स्थिर धरणाऱ्या पट्ट्याने) गुण न आलेले रुग्ण होते. १० आठवड्यांनी त्यांना स्पष्ट फरक जाणवला, तरी ८० मिलिग्रॅमचा डोस घेतलेल्यांपैकी ७३ टक्क्यांचं वर्षभरात ऑपरेशन झालंच.

हायड्रोडिसेक्शनमध्ये द्रव हेच हत्यार. साधारण ५ मिली, बहुधा ५ टक्के डेक्स्ट्रोज (म्हणजे ग्लुकोजचं पाणी), नर्व्हच्या वरून आणि खालून दाबाने सोडतात, म्हणजे चिकटलेल्या भागांपासून ती सुटी होते. पडद्यावर नर्व्हभोवती काळं कडं उमटताना दिसतं. हे अंदाजाने करताच येत नाही. इथे सोनोग्राफी ही सोय नाही, अटच आहे.

'ग्लुकोज' ऐकून मधुमेही दचकतात. खरं तर ५ मिलीत साखर जेमतेम पाव ग्रॅम, चहातल्या चमचाभर साखरेपुढे काहीच नाही. शुगर काही दिवस वर नेतं ते स्टेरॉइड. शिवाय त्याने सुईच्या जागी त्वचा फिकट पडू शकते.

मग डेक्स्ट्रोजच सरस? तैवानमधल्या २०१८ च्या चाचणीत चौथ्या ते सहाव्या महिन्यात डेक्स्ट्रोजवाले स्टेरॉइडवाल्यांपेक्षा बरे होते. पण रुग्ण फक्त ५४. एवढ्यावर स्टेरॉइड मोडीत काढणं मला घाईचं वाटतं. त्यामागे पुरावा कितीतरी जास्त आहे. शुगर आटोक्यात नसेल किंवा स्टेरॉइडचा गुण दोनदा ओसरला असेल, तर मात्र मी हायड्रोडिसेक्शनबद्दल नक्की विचारेन. काही ठिकाणी एकाच बैठकीत दोन्ही करतात, म्हणून सुई टोचण्याआधी सिरिंजमध्ये काय आहे हे विचारून फाइलवर लिहून घ्यावं.

अंगठ्याच्या बुडाची गादी सपाट झाली असेल, शर्टाचं बटण लावता येत नसेल, तर दोन्ही इंजेक्शनांत वेळ घालवू नये. तेव्हा हँड सर्जनला गाठावं.