शाई फुटते तेव्हा दोष कोणाचा?

चिटोऱ्यावर गिरवून पाहिलं तेव्हा पेन झकास चाललं होतं. वहीत मात्र अक्षरांना मिशा फुटल्या आणि पाठच्या पानावर ठिपके उमटले. शिव्या पेनाला बसतात, पण बहुतेक वेळा दोष कागदाचा असतो. म्हणून माझं मत असं, की आधी वही निवडावी, मग पेन.

कागद म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंचं जाळं. तंतूंमधल्या बारीक फटींत पाणी आपोआप ओढलं जातं, यालाच केशाकर्षण म्हणतात. टिपकागद शाई पितो तो याच जोरावर. लिहायच्या कागदाची ही तहान मारण्यासाठी त्याला खळ देतात. पूर्वी त्यासाठी जिलेटिन किंवा राळ आणि तुरटी वापरत, आता स्टार्च आणि पाणी झिडकारणारी रसायनं असतात. वहीवर छापलेला ७० किंवा ८० जीएसएमचा आकडा म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. खळीबद्दल तो चकार शब्द काढत नाही. तोमोए रिव्हर हा जपानी कागद ५२ जीएसएमचा, इतका पातळ की मागचं अक्षर दिसतं, तरी त्यावर शाई फुटत नाही. फक्त ती शोषली जात नसल्यानं वाळायला वेळ लागतो. डावखुऱ्यांनी जपून!

गंमत म्हणजे फाउंटन पेनही केशाकर्षणावरच चालतं. निबेची चीर आणि तिच्याखालची जीभ शाई धरून ठेवतात, कागद ती ओढून घेतो. तहानलेला कागद जास्त ओढतो, म्हणून बारीक निबेची रेघसुद्धा तिथं जाड होते.

बॉलपेन या रस्सीखेचीत उतरतच नाही. लास्लो बिरो यांनी १९३८ साली पेटंट घेतलेल्या या पेनात तेलकट, दाट शाई असते. ती कोणत्याही कागदावर फुटत नाही, पण गोळी फिरवायला जोर लावावा लागतो आणि चार पानांनंतर बोटं बोलू लागतात. जेल पेन १९८४ साली जपानच्या साकुरा कंपनीनं आणलं. त्याची शाई पाण्याचीच, पण एरवी घट्ट असते आणि फिरत्या गोळीखाली सैल होते, भिंतीचा रंग ब्रशखाली होतो तशी. रोजच्या वापरातल्या साध्या वहीला मी हेच सुचवेन.

लिहिलेलं टिकवायचं असेल तर शाईत विरघळलेला रंग आहे की रंगकण, हे बघा. विरघळणारा रंग बहुधा पाण्यानं धुऊन जातो, कण मात्र तंतूंत अडकून बसतात.

वही पारखायची तर शेवटच्या पानावर निब तीन सेकंद टेकवून ठेवा आणि पान उलटा. पानाच्या तळाशी चांगलं पेनही अडखळत असेल, तर तिथं तळहाताचं तेल लागलेलं असतं आणि त्यावर पाण्याची शाई धरत नाही. हाताखाली एखादा कोरा कागद ठेवा, काम होतं.