तलफ की भूक?

१८८१ मध्ये कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरने तीन रुग्णांची हकिगत लिहिली. तिघांचेही डोळे नीट फिरत नव्हते, चालताना तोल जात होता, मन भ्रमिष्ट झालं होतं. दोघे अट्टल पिणारे. तिसरी मात्र कपडे शिवणारी तरुणी. तिने गंधकाम्ल प्यायलं होतं आणि त्यानंतर तिला खाल्लेलं काही पचेना, सतत उलट्या. दारूचा संबंध नाही, तरी मेंदूची इजा तीच! हे कोडं पुढे काही दशकांनी उलगडलं. तिघांनाही नडलं होतं थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, पोटात न जाणं.

शरीरातला थायमिनचा साठा जेमतेम ३० मिलिग्रॅम. दोन-तीन आठवड्यांत संपतो. दारूमुळे आतडं ते नीट शोषत नाही, बिघडलेलं यकृत साठवत नाही, आणि पिणारा मुळात जेवतच नाही. अल्कोहोलच्या एका ग्रॅममध्ये ७ किलोकॅलरी असतात. एका क्वार्टरमध्ये चारशेच्या आसपास, म्हणजे साधारण तीन भाकऱ्यांइतक्या. भूक मरते, पण भाकरीतलं बाकी काहीच मिळत नाही. (त्या टेबलावरची त्यातल्या त्यात पौष्टिक गोष्ट म्हणजे चकन्यातले शेंगदाणे.)

ग्लुकोज जाळायलाही थायमिनच लागतं. त्यामुळे अशा रुग्णाला आधी नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावलं, तर उरलंसुरलं थायमिनही खर्ची पडू शकतं. म्हणून डॉक्टर थायमिनचं इंजेक्शन आधी किंवा सोबतच देतात.

दारू सुटल्यावर आहाराचे धडे सुरू होतात. तिथे प्रथिनांचा तक्ता भिंतीवर लावून फारसं साधत नाही, असं माझं मत. ज्याने वर्षानुवर्षं संध्याकाळची भूक ग्लासात बुडवली, त्याला भूक ओळखताच येत नाही. पोट रिकामं राहिलं की चिडचिड, हात थरथरणं, अस्वस्थपणा. त्याला वाटतं, तलफ आली. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या, दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या संघटनेच्या मंडळींत सांभाळायच्या चार गोष्टी सांगतात: भूक, राग, एकटेपणा, थकवा. भूक पहिली आहे.

म्हणून पहिला धडा घड्याळाचा. पिण्याची वेळ सातची असेल, तर सहालाच मटकीची उसळ आणि बाजरीची भाकरी, नाहीतर निदान मूठभर दाणे-फुटाणे. सुरुवातीला गोडाची ओढ लागते, चहात चार चमचे साखर पडते. मधुमेह नसेल तर पहिल्या काही आठवड्यांत घरच्यांनी त्यावरून कटकट करू नये. साखर नंतर कमी करता येते.