सहा बाय सहा: एका कलेचा हिशेब

‘माझी दृष्टी सहा बाय सहा आहे, म्हणजे डोळे ठणठणीत आहेत,’ हे वाक्य चांगल्या शिकलेल्या माणसांच्या तोंडूनही इतक्या वेळा ऐकू येते की, या अपूर्णांकात नेमके काय मोजलेले असते ते एकदा उलगडून पाहावेसे वाटते. काही जण 6/12 या आकड्याला संक्षिप्त रूप देऊन आपली दृष्टी निम्मी उरल्याचे सांगतात, तेही चूकच आहे. यातला वरचा आकडा म्हणजे वाचणाऱ्याचे तक्त्यापासूनचे अंतर, मीटरमध्ये. खालचा आकडा म्हणजे तीच ओळ प्रमाण मानलेल्या डोळ्याला जितक्या अंतरावरून वाचता येते ते अंतर. 6/12 दृष्टीच्या माणसाला जी ओळ वाचण्यासाठी सहा मीटरवर यावे लागते, ती प्रमाण डोळा बारा मीटरवरून वाचतो, इतकाच त्याचा अर्थ.

हा प्रमाण डोळा हर्मन स्नेलेन या डच नेत्रवैद्याने 1862 साली आपल्या तक्त्याद्वारे ठरवून दिला आणि त्यासाठी त्याने कोनाचे माप वापरले. एका अंशाचे साठ भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक कला. तक्त्यावरचे प्रत्येक अक्षर नेमून दिलेल्या अंतरावरून डोळ्याशी पाच कलांचा कोन करते आणि अक्षरातली प्रत्येक रेघ, तसेच दोन रेघांमधली मोकळी जागा, एका कलेची असते. म्हणून 6/6 च्या ओळीतले अक्षर 8.7 मिलिमीटर उंच असते आणि त्यातली रेघ जेमतेम पावणेदोन मिलिमीटर जाड.

मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोह पडतो तो या एका कलेचा. डोळ्याच्या आत ही एक कला दृष्टिपटलावर, म्हणजे प्रतिमा उमटते त्या मागच्या पडद्यावर, सुमारे पाच मायक्रोमीटर (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रोमीटर) जागा व्यापते. दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूपाशी प्रकाश टिपणाऱ्या शंकुपेशी दाटीवाटीने बसलेल्या असतात आणि दोन शेजारच्या पेशींच्या केंद्रांमध्ये अडीच ते तीन मायक्रोमीटर अंतर असते. एक काळी रेघ आणि तिच्या शेजारची पांढरी फट वेगवेगळी कळायची असेल, तर या जोडीसाठी किमान दोन पेशी हव्यात: एक अंधार नोंदवणारी आणि एक उजेड नोंदवणारी. 6/6 च्या अक्षरात ही जोडी दहा मायक्रोमीटरची होते आणि तिच्या वाट्याला तीन-चार पेशी येतात. म्हणजे केवळ पेशींचा विचार केला तर डोळ्याला 6/3 च्या आसपास पोहोचता यायला हवे. तिथे आडवा येतो प्रकाशाचा तरंगस्वभाव. बाहुली तीन मिलिमीटर उघडी असताना प्रकाशाचा बिंदू बिंदू राहत नाही, विवर्तनामुळे, म्हणजे छोट्या छिद्रातून जाताना प्रकाश पसरत असल्यामुळे, त्याची चकती होते आणि तिची त्रिज्या सुमारे पाऊण कला भरते. बाहुली मोठी केल्यास ही चकती आकसते खरी, पण मग भिंगाच्या कडेकडचे दोष प्रतिमेत उतरतात. पेशींची दाटी आणि भिंगाची मर्यादा यांचा असा जवळपास मेळ बसलेला असल्याने अनेक तरुण डोळे 6/5 किंवा 6/4 पर्यंत जातात आणि तिथेच थांबतात. अर्थात 6/6 ही दृष्टीची कमाल मर्यादाही नव्हे.

चष्म्याचा नंबर हे याहून निराळे माप आहे. त्याचे एकक डायॉप्टर, म्हणजे मीटरमध्ये मोजलेल्या नाभीय अंतराचा (भिंगापासून किरण एकवटतात त्या बिंदूपर्यंतच्या अंतराचा) व्यस्त, त्यामुळे उणे दोन नंबरच्या डोळ्याला चष्म्याविना अर्ध्या मीटरपलीकडचे सारे धूसर दिसते. उलट अधिक दोन नंबरचा तरुण डोळा आपले भिंग स्नायूच्या जोरावर फुगवून चष्म्याशिवायही 6/6 वाचून दाखवू शकतो, आणि संध्याकाळी मात्र डोके दुखते म्हणून तक्रार करतो. उणे नंबर बहुधा नेत्रगोल लांबल्यामुळे येतो. प्रौढ डोळ्याची लांबी सुमारे 24 मिलिमीटर असते आणि ती एका मिलिमीटरने वाढली की नंबर अडीच ते तीन डायॉप्टरने वाढतो. तळहात डोळ्यांवर ठेवून, बुबुळे गरगर फिरवून किंवा डोळ्यांत मध घालून चष्मा घालवून देणाऱ्यांनी हा लांबलेला एक मिलिमीटर कुठे जातो, तेवढे सांगावे.

मुख्य मुद्दा असा की तक्ता वाचताना दृष्टिपटलाच्या मध्याचा अगदी छोटासा भाग तपासला जातो. हात लांब करून धरलेल्या अंगठ्याची रुंदी डोळ्याशी सुमारे दोन अंशांचा कोन करते, आणि वाचनाचे काम तेवढ्याच परिसरात चालते. एका डोळ्याचे क्षेत्र मात्र आडव्या दिशेने दीडशे अंशांच्या आसपास पसरलेले असते. काचबिंदूत दृष्टिचेतेचे, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे संदेश नेणाऱ्या नसेचे, तंतू हळूहळू नष्ट होतात आणि सहसा आधी कडेकडची दृष्टी जाते. मेंदू ही पोकळी आजूबाजूच्या चित्राने भरून काढतो, दुसरा डोळा उरलेले सांभाळून घेतो, आणि रुग्ण 6/6 ची ओळ सहज वाचत राहतो. डोळ्यातला दाब साधारणतः 10 ते 21 मिलिमीटर पाऱ्याइतका असतो, पण दाब या मर्यादेत असूनही काचबिंदू झालेली माणसे असतात, म्हणून दाबाबरोबर दृष्टिचेतेच्या मुखाची तपासणी आणि दृष्टिक्षेत्राचा नकाशा हेही लागते. मधुमेहातही दृष्टिपटलावरच्या बारीक रक्तवाहिन्या गळू लागतात, तेव्हा मध्यभाग बचावलेला असेल तर तक्ता काहीच सांगत नाही. त्यासाठी थेंब घालून बाहुली मोठी करून आतूनच पाहावे लागते. मोतीबिंदूचे रुग्णही अंधुक उजेडातल्या खोलीत बऱ्यापैकी वाचतात आणि समोरून येणाऱ्या दिव्यांच्या झोतात मात्र गोंधळतात, कारण काळ्या अक्षरांचा पांढऱ्या कागदावरचा ठळक विरोध तक्त्यावर असतो, रात्रीच्या रस्त्यावर नसतो.