कॅलिफोर्निया: कैद्यांची सक्तीची मजुरी घटनेतून काढायची प्रक्रिया, पात्रता आणि कागदपत्रं

कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेत वेठीला बंदी आहे, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून वेठ चालते. ही पळवाट अमेरिकेच्या राज्यघटनेच्या 1865 च्या तेराव्या दुरुस्तीतही आहे. तिच्यामुळे काम नाकारणाऱ्या कैद्याला शिक्षा करता येते, आणि बहुतेक कामांना तासाला 74 सेंटही मिळत नाहीत. 5 नोव्हेंबर 2024 ला ती काढण्यासाठी प्रपोझिशन 6, म्हणजे थेट मतदारांपुढे ठेवलेला घटनादुरुस्तीचा प्रस्ताव, मतदानाला आलं आणि पडलं. सुमारे 53 टक्के मतं विरोधात गेली. त्याच दिवशी शेजारच्या नेवाडात असाच प्रस्ताव सुमारे 60 टक्के मतांनी पास झाला. तिथल्या मतपत्रिकेवर ‘गुलामगिरी’ हा शब्द होता, इथल्या मतपत्रिकेवर नव्हता. माझ्या मते घात तिथेच झाला.

पुन्हा प्रयत्न करायला दोन वाटा आहेत. एक विधिमंडळाची: दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं, म्हणजे असेंब्लीत 54 आणि सिनेटमध्ये 27. गव्हर्नरची सही लागत नाही. दुसरी सह्यांची: मसुदा आणि 2,000 डॉलर शुल्क ॲटर्नी जनरलकडे (राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याकडे) भरायचं, शीर्षक मिळालं की 180 दिवसांत सह्या गोळा करायच्या. गव्हर्नरच्या मागच्या निवडणुकीतल्या मतांच्या 8 टक्के सह्या लागतात. 2022 च्या मतदानावरून हा आकडा 8,74,641 येतो. कुठल्याही वाटेने गेलात तरी शेवटी मतदारांचं साधं बहुमत लागतं.

सही नोंदणीकृत मतदाराचीच चालते. नाव आणि राहता पत्ता स्वतःच्या हाताने लिहायचा. घर बदललं असेल तर आधी नोंदणीतला पत्ता बदला, नाहीतर सही बाद होऊ शकते.

मतदार व्हायला अमेरिकन नागरिकत्व, राज्यात वास्तव्य आणि 18 वर्षं पूर्ण हवीत. आपल्यातल्या ग्रीन कार्ड किंवा एच-1बी वाल्यांनी चुकूनही नोंदणी करू नये, अर्जावर नागरिकत्वाची शपथ असते. नोंदणीसाठी ड्रायव्हिंग लायसन्स किंवा राज्याच्या ओळखपत्राचा क्रमांक, नाहीतर सोशल सिक्युरिटीचे शेवटचे चार आकडे द्यायचे. मुदत मतदानाच्या 15 दिवस आधीपर्यंत. चुकली तर मतदानाच्या दिवशीही केंद्रावर नोंदणी होते.

पॅरोलवरच्यांना, म्हणजे तुरुंगातून सुटून देखरेखीखाली असलेल्यांना, 2020 पासून मत आहे. गंभीर गुन्ह्यासाठी राज्याच्या किंवा संघराज्याच्या तुरुंगात शिक्षा भोगणाऱ्याला मात्र नाही. म्हणजे ज्याच्या मजुरीचा हा प्रश्न, त्याच्या वतीने मत बाहेरच्यांनीच द्यायचं आहे.